खांबाशी राहिलेलं बोचकं

सायनहून दादरकडे येताना लागणाऱ्या एका उड्डाणपुलाखाली, तिसऱ्या खांबाच्या पायथ्याशी, एक बोचकं राहिलं होतं. निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं, सुतळीने आडवं-उभं आवळलेलं. शेजारी एकच चप्पल, डाव्या पायाची. पहाटे पाचच्या आधी पोलिसांची गाडी येऊन तिथे झोपणाऱ्याला भिकारी म्हणून उचलून गेली होती. तीन विटांच्या चुलीतली राख अजून कोमट होती, पाण्याचा कॅन आडवा होऊन त्याची ओल रस्त्यापर्यंत गेली होती, आणि रोज माणसाच्या पायाशी झोपणारं कुत्रं आता बोचक्याला टेकून पडलं होतं. सातच्या सुमाराला पालिकेची झाडणारी बाई आली. तिने आजूबाजूचं सगळं झाडलं, बोचक्याभोवती झाडूने एक गोल काढला आणि पुढे गेली. कचऱ्याचा डंपर अजून यायचा होता. डंपरमध्ये भरणाऱ्याला बोचकं कुठलं आणि कचरा कुठला हे बघत बसायला वेळ नसतो.

तो गोल डोळ्यांसमोरून हलत नाही.

अशा बोचक्यात काय असतं हे फुटपाथवर काम करणाऱ्यांना तोंडपाठ असतं. बाहेरच्या थरात चादर आणि रात्री उशाला घ्यायचा स्वेटर. त्याच्या आत पांढरा शर्ट आणि काळी पँट, घडी न मोडता ठेवलेली, कारण केटरिंगच्या कामाला त्याशिवाय उभं करत नाहीत. त्याच्याही आत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दुसरी पिशवी, आणि त्या दुसऱ्या पिशवीत खरा ऐवज: आधार कार्डाची घड्या पडून फाटत आलेली झेरॉक्स, सरकारी रुग्णालयाचा केसपेपर, मुकादमाचा नंबर लिहिलेला वहीचा तुकडा, कधी गावाकडचा एखादा फोटो. क्षयरोगाचे उपचार चालू असतील तर गोळ्यांची पाकिटंही. त्या गोळ्या साधारण सहा महिने रोज घ्याव्या लागतात. महिनाभर खंड पडला की रुग्ण नोंदवहीत ‘उपचार सोडलेला’ होतो, आणि अर्धवट उपचारातून औषधाला न जुमानणारा क्षय उद्भवू शकतो. फुटपाथवरून कधी काळी उठायचं तर ज्यांच्या आधाराने उठायचं ते सगळं त्या दीड फुटी गाठोड्यात बांधलेलं असतं. गाडी माणसाला घेऊन जाते आणि नेमकं तेवढंच मागे टाकते.

बेघर माणसाच्या पथारीशी रात्री वही घेऊन येणारे सरकारचे लोक तीन प्रकारचे. पहिला जनगणनेचा प्रगणक. २०११ साली २८ फेब्रुवारीच्या रात्री तो आला होता, कारण घर नसलेल्यांची मोजणी रात्रीच करावी लागते. दिवसा ते कामावर पांगलेले असतात. दुसरा मतदारयादीचा, म्हणजे बीएलओ, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. बेघर माणसाने नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, भरला तर त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नाही, बीएलओने रात्री त्या जागी जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का हे पाहायचं, एका रात्रीवर भागवायचं नाही, असं निवडणूक आयोगाचं सांगणं आहे. म्हणजे आयोगाच्या लेखी पुलाखालचा खांब हा पत्ता असू शकतो. तिसरा येतो तो पोलीस. पहिले दोघे विचारतात, तू इथे राहतोस का? तिसरा विचारतो, तू इथे का आहेस? तिघांचंही सरकार एकच, जागा तीच, माणूस तोच. पण तिसऱ्याच्या प्रश्नाला त्या माणसाकडे पटेल असं उत्तर कधीच नसतं. ‘घर नाही म्हणून’ हे खरं उत्तर आहे, आणि कायद्याच्या नजरेत तीच त्याची कबुली ठरते.

हा कायदा मुंबईच्याच नावाने जन्मला, १९५९ साली. भीक प्रतिबंधक कायदा. पुढे दिल्लीसह अनेक राज्यांनी तो उचलला किंवा त्याच्यावरून आपापला बेतला. त्यातली ‘भीक मागणे’ची व्याख्या सावकाश वाचावी अशी आहे. हात पसरणं त्यात आहे, जखम दाखवणं आहे, गाणं, नाच, कसरत, भविष्य सांगणं, एखादी वस्तू विकायला पुढे करणं अशा कशाच्याही मिषाने दान घेणं आहे. म्हणजे सिग्नलला पेन विकणारी मुलगीही हवं तेव्हा त्यात बसवता येते. पण खरी मेख चौथ्या पोटकलमात आहे: उदरनिर्वाहाचं दिसण्याजोगं साधन नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत हिंडणं किंवा थांबणं, की ही व्यक्ती भिकेवर जगत असावी असं वाटेल. इथे हात पसरल्याचा पुरावा लागत नाही. कुणी पैसे दिले हे सिद्ध करावं लागत नाही. ‘दिसण्याजोगं’ आणि ‘असावी असं वाटेल’ या दोन शब्दप्रयोगांवर माणूस उचलता येतो, आणि कलम ४ प्रमाणे त्यासाठी वॉरंट लागत नाही. रात्रभर लग्नाच्या हॉलवर पंगती वाढून पहाटे तीनला येऊन झोपलेल्या माणसाचं साधन कसं दिसणार? ते तर बोचक्यात घडी घालून ठेवलेलं असतं.

पुढे काय होतं, ते क्रमाने सांगायला हवं, कारण ‘उचललं’ या एका शब्दात ते झाकलं जातं. पकडलेल्यांना ठाण्यातून न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेतात. कलम ५ प्रमाणे संक्षिप्त चौकशी होते. ती त्याच दिवशी संपली नाही तर माणूस स्वीकार केंद्रात जातो. मुंबईत ते चेंबूरला. तिथे वैद्यकीय तपासणी होते, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) माहिती घेतो: गाव, नातेवाईक, काम, आधी कधी पकडलं होतं का. या अहवालावर बरंच काही अवलंबून असतं. मुकादमाला फोन लागला आणि त्याने ‘हो, माझ्याकडे कामाला येतो’ म्हटलं, किंवा भाऊ रेशनकार्ड घेऊन धावत आला, तर समज देऊन, जातमुचलक्यावर सुटका होऊ शकते. पण मुकादमाचा नंबर बोचक्यात असतो. कोणी आलं नाही, आणि माणूस भिक्षेकरी असल्याचं न्यायालयाने ठरवलं, तर भिक्षेकरी गृहात किमान एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षं. सुटल्यावर पुन्हा सापडला तर किमान दोन वर्षं. त्यानंतरही सापडला तर दहा वर्षं, आणि त्यातली दोनपर्यंत तुरुंगवासात बदलता येतात. अनेक चोऱ्यांनाही एवढी शिक्षा नाही. हे ज्यांना पहिल्यांदा कळतं ते एकदा पुन्हा विचारतात, दहा? हो, दहा.

कुटुंब असेल तर ते तिथल्या तिथे तुटतं. पुरुष एका गृहात, बाई दुसऱ्या, मुलं बालकल्याण समितीपुढे. या तिघांना पुन्हा एकत्र आणायला तीन वेगवेगळ्या कार्यालयांचे हेलपाटे, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच: राहण्याचा पत्ता काय?

आत काय मिळतं? जेवण, अंथरूण, डोक्यावर छप्पर. हे थोडं नाही, खोटं कशाला बोला. जुलैच्या धारांमध्ये ताडपत्री सांभाळत उभ्याने रात्र काढलेल्याला त्याची किंमत माहीत असते. पण आत कायद्यानेच कामही करायचं असतं, आणि त्या कामाचा मोबदला महाराष्ट्रात कित्येक दशकं महिन्याला ५ रुपये होता. दिवसाला नव्हे, महिन्याला. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो दिवसाला ४० रुपये करायचं ठरवलं. जुन्या दराने वर्षभर काम करून हातात ६० रुपये घेऊन बाहेर पडलेला माणूस काय करेल? मुंबईत खोलीला डिपॉझिट लागतं, ओळखीचा माणूस लागतो, एजंटाची दलाली लागते. साठ रुपयांत चेंबूरहून जुन्या पुलापर्यंत येता येतं आणि वर चहा-पाव होतो. तो तिथेच येतो. फक्त आता तिसऱ्या खांबाशी दुसरं कोणीतरी झोपत असतं, मुकादमाने बदली माणूस लावलेला असतो, आधारची झेरॉक्स डंपरमधून कचराभूमीवर गेलेली असते, आणि त्याच्या नावावर पहिली नोंद झालेली असते. कायद्याने त्याला घराच्या दिशेने एक पाऊलही नेलं नाही. उलट दुसऱ्या अटकेच्या एक पाऊल जवळ आणलं.

मुळात भीक आणि बेघरपणा यांची गल्लत हीच या साऱ्याच्या मुळाशी आहे. २०११ च्या जनगणनेत देशभर बेघर मोजले गेले सुमारे १७ लाख ७३ हजार. त्याच जनगणनेत भिक्षेकरी आणि भटके या सदरात नोंदले गेले सुमारे ४ लाख १३ हजार. हे चार लाख सगळेच्या सगळे बेघर होते असं धरलं, आणि ते तसं नाहीच, तरी उरलेले साडेतेरा लाख कोण? ते दादरच्या फुलबाजारात पहाटे टोपल्या उतरवतात. मशीद बंदरला हातगाडी ओढतात. नाक्यावर बिगारी म्हणून उभे राहतात, भंगार वेचतात, बंदोबस्ताच्या बॅरिकेड्स उचलून लावतात. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर पेशंटच्या फायली उशाशी घेऊन झोपलेली माणसं आठवा. बिहार-बंगालमधून, विदर्भ-मराठवाड्यातून आलेली. गावात त्यांचं घर आहे, थोडी शेतीही असते. केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत परत जाणं परवडत नाही, इतकंच. त्यांच्या साधनाचं काय दिसतं? सलाईनची पट्टी लावलेला हात दिसतो. व्याख्येतलं तिसरं पोटकलम, जखम किंवा आजार दाखवणं, त्यांच्यापासून किती लांब आहे?

पारध्यांची पालं वेगळ्या दुःखाची. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, त्यांना १९५२ साली, ३१ ऑगस्टला, मुक्त म्हटलं गेलं. पण शिक्का कागदावरून पुसला तरी ठाण्याच्या आठवणीतून पुसला नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या, म्हणजे पूर्वीच्या मुंबई पोलीस कायद्याच्या, कलम १२२ मध्ये, सूर्यास्त ते सूर्योदय रस्त्यावर पडून असलेला, समाधानकारक कारण देऊ न शकणारा ‘चोर म्हणून ख्याती असलेला’ माणूस गुन्हेगार ठरतो. ही ख्याती कोण ठरवतं? आडनाव सांगितलं की पुष्कळदा ती ठरलेली असते. सिग्नलला गजरे विकणाऱ्या पारधी बाईला एका कायद्यात भिकारी म्हणून आणि दुसऱ्यात संशयित म्हणून उचलता येतं, आणि दोन्ही वेळा तिने केलेलं काम एकच असतं: गजरे विकणं.

शहराने माणसं उचलून बाहेर नेण्याचा प्रयोग याआधी अगदी उघडपणे केला आहे. १९८१ च्या जुलैत मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून आपापल्या मूळ गावी धाडण्याची घोषणा झाली. ऐन पावसाळ्यात झोपड्या मोडल्या गेल्या, माणसं एसटीच्या गाड्यांमध्ये कोंबली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८५ चा ऑल्गा टेलिस निकाल तो हाच, ज्यात जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क आहे हे घटनापीठाने मान्य केलं. निकालाचा हा भाग सगळे सांगतात. त्यातल्या एका याचिकाकर्त्याची हकीकत मात्र क्वचित सांगितली जाते. तमिळनाडूतल्या सेलमकडचा भूमिहीन मजूर. झोपडं मोडून त्याला बसने सेलमला धाडलं. तिथे काम नव्हतं म्हणून तर तो मुळात इथे आला होता. तो परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहिला. बसचं भाडं सरकारचं, परतीचं त्याचं. चाळीस वर्षं उलटली तरी या हकीकतीला लावायला नवा शेवट सापडलेला नाही.

पाहुणे यायचे असले की मोहिमा निघतात, हेही आता नेमाचं झालं आहे. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांआधी फिरती न्यायालयं भिकाऱ्यांमागे लागली. हैदराबादला २०१७ मध्ये जागतिक उद्योजक परिषदेआधी रस्त्यांवरून उचललेल्यांची सोय तुरुंगांच्या आवारात केली गेली. नागपुरात २०२३ च्या मार्चमध्ये जी-२० च्या बैठकांच्या तोंडावर चौकाचौकांत भीक मागण्यावर बंदीचा आदेश निघाला. इंदूरने २०२१ च्या जानेवारीत तर कोर्टाचीही वाट पाहिली नाही. पालिकेच्या गाडीत म्हाताऱ्या बेघरांना भरून देवासच्या रस्त्यावर क्षिप्रा गावाजवळ उतरवायला सुरुवात केली. गावकऱ्यांनी गाडी अडवली, मोबाइलवर चित्रण केलं, आणि त्यांना परत बसवून न्यायला लावलं. त्या चित्रणात गाडीतून खाली टाकलेली गाठोडी दिसतात. थंडीचे दिवस होते. शहराला स्वच्छतेत पहिलं राहायचं होतं, आणि पालिकेला माणसं आणि गाठोडी यांत फरक करायला वेळ मिळाला नव्हता.

पण दुसरी बाजू आहेच, आणि ती टाळली तर लिहिण्यात खोट राहील. फुटपाथ चालण्यासाठी असतो. काठी टेकत चालणाऱ्या आजींना पथाऱ्यांमुळे रस्त्यावर उतरावं लागतं, तेव्हा त्यांचा राग खोटा नसतो. दुकानाच्या पायरीवर रोज सकाळी घाण धुणाऱ्या दुकानदाराचाही नसतो. मुलांना भिकेला लावणाऱ्या टोळ्या आहेत, कमी असतील पण आहेत, आणि त्यांच्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १३९ आहे. भिकेसाठी मूल पळवलं तर किमान दहा वर्षं, अपंग केलं तर किमान वीस. ते वापरा, कसून वापरा. त्यासाठी चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन बसलेल्या तिच्या सख्ख्या आईला गाडीत घालायची गरज नाही.

आणि सर्वांत अवघड प्रसंग वेगळाच. पायाच्या जखमेत अळ्या झालेला, कुणालाही जवळ येऊ न देणारा, स्वतःशी अखंड बोलणारा एक म्हातारा. रात्री त्याच्या अंगावर पाणी पडत असतं आणि तो हलत नाही. तिथून जाताना कुणाच्याही मनात येतं, उचला याला, कसंही करून उचला. या इच्छेत क्रौर्य नसतं, काळजीच असते. पण त्यासाठीचा कायदा भिकेचा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १०० तिथे लागू होतं. मानसिक आजारामुळे भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाला संरक्षणात घेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. कारण सांगायचं, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. माणूस बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोधही पोलिसांनीच घ्यायचा. गणवेश तोच, गाडीही तीच असेल, पण पहिल्या कायद्यात ती आरोपीला नेते आणि दुसऱ्यात रुग्णाला. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना उपचार देऊन त्यांच्या घरी पोचवलं. घरचे पुष्कळदा वर्षानुवर्षं शोधतच असतात. ते काम अटकेने झालेलं नाही. गोळ्या, आंघोळ, आणि गावाचं नाव आठवेपर्यंत वाट पाहणं, यांतून ते झालं.

मग माणसं निवाऱ्यात का जात नाहीत, हा प्रश्न नेहमी पुढे येतो, आणि जरा चिडूनच येतो. आधी निवारे किती ते पाहू. एक लाख शहरी लोकसंख्येमागे एक कायमचा निवारा, चोवीस तास, बाराही महिने उघडा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, हे केंद्राच्या योजनेतलं प्रमाण. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख आणि बेघर सुमारे ५७ हजार. हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत, आणि शहर त्याच्या जवळपासही नाही. ते सव्वाशे झाले आणि प्रत्येकात शंभर माणसं राहिली, तरी साडेबारा हजार. उरलेल्यांना झोपेबद्दल पकडायचं, तर त्यांनी झोपायचं कुठे हे पकडणाऱ्याने आधी सांगायला हवं.

जे निवारे आहेत ते अर्धे रिकामे राहतात तेव्हा त्याची कारणं फार साधी असतात. निवारा कामापासून लांब. पहाटे चारला फुलबाजारात पोचायचं असेल तर मानखुर्दचा निवारा कितीही स्वच्छ असून उपयोगाचा नाही, कारण पहिली गाडी पकडून पोचेपर्यंत टोपल्या उतरलेल्या असतात. निवारा फक्त पुरुषांचा, म्हणजे बायको-मुलांना पुलाखाली सोडून जायचं. भंगाराचं पोतं आत घेत नाहीत आणि बाहेर ठेवलं तर सकाळी राहत नाही. दारातच आधार मागतात. ढेकूण. सकाळी सातला बाहेर काढतात, मग रात्रपाळी करणाऱ्याने झोपायचं कधी? आणि लॉकर नसतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण बोचकं ठेवायला कुलपाची जागा नसेल तर माणूस बोचक्यावर डोकं ठेवून झोपतो, आणि तसं झोपायला फुटपाथ त्याच्या ओळखीचा असतो. शेजारच्या खांबाशी कोण झोपतं हे त्याला माहीत असतं. निवारे चालवण्याचा पैसाही तुटपुंजा. केंद्राच्या त्याच योजनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत पन्नास जणांच्या निवाऱ्याला चालवण्याच्या खर्चासाठी वर्षाला ६ लाख धरले होते, म्हणजे महिन्याला ५० हजार. तीन पाळ्यांचे तीन काळजीवाहक आणि एक सफाई कामगार ठेवला की वीजबिलाला काय उरतं, ते कुणीही हिशेब करून पाहावं.

जिथे माणूस खरोखर उठतो तिथे ते कसं घडतं? हळू. रात्री दहानंतर, तीच दोन माणसं, आठवड्याच्या त्याच वारी, त्याच पुलाखाली. पहिल्या भेटीत फॉर्म काढायचा नाही, फोटो तर मुळीच नाही. नाव विचारलं की खोटं नाव मिळतं, ते तसंच चालवून घ्यायचं. खरं नाव यायला आठवडे लागतात. मग एक कागद. बहुतेकदा आधार. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र दिलं तर पत्त्याची अडचण सुटते, पण पुढे वेगळीच माशी शिंकते. ओझी उचलून बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही, बुबुळांवर भागवावं लागतं. किंवा आधार आधीच काढलेलं असतं, क्रमांक आठवत नाही, नवी नोंदणी फेटाळली जाते. किंवा जोडलेला मोबाइल चोरीला गेलेला, ओटीपी भलत्याच ठिकाणी जातो. प्रत्येक अडचणीला एक अर्धा दिवस, म्हणजे एक अर्धी मजुरी. आधार झालं की बँक खातं, मग मजुरी खात्यात, मग दोघा-तिघांनी मिळून भाड्याची खोली. ही साखळी सहा-आठ महिन्यांची असते. तिच्या मधोमध कुठेही पहाटेची गाडी आली तर सगळं पहिल्यापासून. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘कोशिश’ हा उपक्रम २००६ पासून याच चक्रात अडकलेल्या माणसांबरोबर, भिक्षेकरी गृहांच्या आत आणि बाहेर, काम करतो आहे.

अमेरिकेतही हाच प्रश्न नुकताच तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे होता. ओरेगॉनमधल्या ग्रँट्स पास गावी उघड्यावर पांघरूण घेऊन झोपलं की २९५ डॉलर दंड व्हायचा, आणि २०२४ च्या जूनमध्ये न्यायालयाने तो घटनेला धरून असल्याचं म्हटलं. ज्याच्याकडे भाड्याचे पैसे नाहीत त्याच्याकडून हा दंड येणार नाही, तो थकबाकी म्हणून नोंदला जाईल आणि पुढे घर भाड्याने देणारा मालक ती नोंद पाहील. फिनलंडने २००८ पासून उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी कुलूप-किल्लीचं घर, दारू सुटणं, नोकरी लागणं हे नंतर. दीर्घकाळ बेघर असलेल्यांची संख्या तिथे त्यानंतरच्या वर्षांत मोठ्या प्रमाणावर घटली. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी भीक गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. पुढच्या वर्षी जम्मू-काश्मीरच्या उच्च न्यायालयाने तिथला कायदा रद्द केला. ज्या राज्यातून तो कायदा देशभर गेला, तिथे मात्र तो चालू आहे. २०१६ साली केंद्राने निराधारांसाठी एक आदर्श विधेयक तयार केलं होतं, अटकेऐवजी काळजी आणि पुनर्वसन असा त्याचा रोख होता. ते पुढे सरकलं नाही. एवढ्या एका विधेयकासाठी कुणी रस्त्यावर उतरलं नाही, आणि ज्यांच्यासाठी ते होतं ती माणसं तर आधीपासून रस्त्यावरच होती.

साडेनऊच्या सुमाराला डंपर आला. तोवर बोचकं खांबाशी नव्हतं. दुसऱ्या खांबाशी राहणाऱ्या बाईने ते उचलून पुलाच्या खालच्या कठड्यावर, हात जेमतेम पोचेल अशा खाचेत सरकवलं होतं आणि वर ती डाव्या पायाची चप्पल ठेवली होती, वाऱ्याने ताडपत्री उडू नये म्हणून. कुत्रं खाली उभं राहून वर बघत होतं. समोरच्या चहावाल्याने तिला विचारलं, किती दिवस ठेवणार? तिने पदराला हात पुसले.

“चार दिवसांत सोडतात,” ती म्हणाली. “नाही तर वर्षाने.”